रताळ्यांच्या खोलीतली झडप

मुलांनो, तुमच्यात चष्मा कोणाकोणाला आहे? ज्यांना नाही, त्यांनी आत्ता आहे असं समजा. बाहेर गवतावर दहिवर गोठलंय, नाकाचा शेंडा बधिर झालाय, आणि तुम्ही आईच्या मागोमाग एका दारातून आत शिरताय. काय दिसतंय?

रेनिटा टॉलिव्हरला काहीच दिसलं नाही. चष्म्याच्या दोन्ही काचा एकदम पांढऱ्या झाल्या. स्वेटरच्या टोकाने तिने त्या पुसल्या, तेव्हा आधी दिसले ते डॉक्टर हॅस्किन्स. मयताला उभं राहावं तसे, टोपी हातात धरून ते खोलीच्या मधोमध उभे होते.

"अर्लीन," ते तिच्या आईला म्हणाले, "झडप रात्रभर उघडी होती."

भिंतीतली लाकडी झडप खरंच उघडी होती. रताळ्यांना ऊब द्यायला रात्रंदिवस पेटती असणारी कोपऱ्यातली गॅसची शेगडी विझलेली होती. आणि चारी बाजूंनी, पेट्यांच्या थप्प्यांमध्ये, रताळी गप्प पडून होती.

ती नुसती रताळी नव्हती. अलाबामातल्या या भागात रताळ्यांना एक रोग लागतो. वरून साल नितळ, आत गरात काळे ठिपके. इथल्या कृषी महाविद्यालयातले संशोधक डॉक्टर हॅस्किन्स यांनी बारा वर्षं खपून असा वाण काढला होता की ज्याला हा रोग लागत नाही, असं ते म्हणत. काळ्या लोकांच्या या जुन्या कृषी महाविद्यालयाला सरकारने पिढ्यानपिढ्या हात आखडूनच दिलं. आता कुठे शिकवायला आणि संशोधनाला वॉशिंग्टनहून अनुदान येऊ लागलं होतं. ही खोली त्यातूनच उभी राहिली, आणि ती सांभाळणाऱ्या अर्लीनचा पगारही त्यातूनच निघे. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला त्याच दुपारी वॉशिंग्टनहून मिस प्रॅटर येणार होत्या.

"मी झडप लावून गेले होते," आई म्हणाली.

"माणसाची आठवण चुकते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. ते कधी रागवायचे नाहीत. त्या सकाळी तर त्यांचा आवाज इतका मऊ होता की रेनिटाच्या अंगावर काटा आला.

झडप फक्त आतून उघडते आणि दाराच्या किल्ल्या दोनच, एक अर्लीनकडे आणि एक त्यांच्याकडे, हे डॉक्टरांनी शांतपणे बोलून दाखवलं. काल संध्याकाळी म्हाताऱ्या रूफस बॉयकिनचा ट्रक कुंपणाशी उभा होता. तो महाविद्यालयावर खार खाऊन असतो, हे सगळ्या गावाला ठाऊक. अर्लीनने त्याला आत तर घेतलं नाही ना? आई म्हणाली, नाही. डॉक्टरांनी मान हलवली. विश्वास बसला नाही की बसवायचा नव्हता, ते कळलं नाही.

मग त्यांनी हात पुढे केला. आईने कमरेची किल्ली सोडून त्यावर ठेवली.

"सगळा माल गेला," डॉक्टर म्हणाले. "कुजायला लागायच्या आत खड्ड्यात घाला आणि वर चुना टाका. मिस प्रॅटर यायच्या आधी उरकायला हवं."

शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. रेनिटा दारात उभी राहून पाहत होती. कामावरची माणसं पेट्या गाडीवर चढवत होती. एक रताळं घरंगळत तिच्या बुटाशी आलं. तिने ते उचललं. परत गाडीवर टाकावं असं तिला का वाटलं नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने ते खिशात घातलं आणि ती रूफस बॉयकिनच्या घराकडे निघाली.

म्हातारा स्वयंपाकघरात चुलीपाशी बसला होता. रेनिटा आत आली आणि तिच्या काचा पुन्हा पांढऱ्या झाल्या. तिने चष्मा काढला, पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

"काय गं, टॉलिव्हरांची पोर ना तू?" म्हातारा गुरगुरला. "दारात खांबासारखी काय उभी? ऊब सगळी बाहेर चालली."

"मिस्टर रूफस, काल संध्याकाळी तुम्ही रताळ्यांच्या खोलीपाशी आला होतात?"

"आलो होतो. मग? अटक करायला आलीस?"

"आत गेला होतात?"

"तुझ्या आईने उंबऱ्याला पाय लावू दिला नाही. डॉक्टरच्या परवानगीशिवाय नाही म्हणाली. मग डॉक्टर आला आणि त्याने मला फाटकातूनच वाटेला लावलं."

"काम काय होतं?"

म्हातारा तिच्या फुगलेल्या खिशाकडे पाहत म्हणाला, "ते काय आणलंस?"

रेनिटाने रताळं पुढे केलं. त्याने ते निखाऱ्यांच्या राखेत पुरलं. ते शिजेपर्यंत तो आपलं गाऱ्हाणं सांगत राहिला. डॉक्टरांचा वाण ज्या रताळ्यापासून निघाला, ते त्याच्या आजीचं. आजीचं नाव त्या वाणाला देऊ म्हणाले होते, ते राहिलंच. तरी यंदा महाविद्यालयाने शेतकऱ्यांना लावून बघायला वेल वाटले, तेव्हा त्यानेही घेतले. आजीचं नातवंड म्हणून घेतले, असं तो म्हणाला.

मग त्याने राखेतून रताळं काढलं, फुंकर मारली आणि दोन्ही हातांनी मोडलं.

वाफ निघाली. केशरी गरात काळे ठिपके होते, चिमूटभर मिरी भुरभुरावी तसे.

"मागच्या रविवारी माझ्या रताळ्यांतही हेच निघालं," रूफस म्हणाला. या वेळी तो गुरगुरला नाही. "चर्च सुटल्यावर डॉक्टरला दाखवलं. त्याने ते रुमालात गुंडाळलं आणि म्हणाला, इतक्यात कोणाला बोलू नकोस, मी बघतो. काल तेच विचारायला गेलो होतो, की बघितलंस का?"

रेनिटाने पुढचं ऐकलं नाही. अर्धा तुकडा खिशात घालून ती धावतच सुटली होती.

ती खड्ड्यापाशी पोचली तेव्हा गाडी काठाला लागली होती. चुन्याची पोती फोडलेली होती. आई एका बाजूला हाताची घडी घालून उभी होती. आणि मिस प्रॅटर ठरल्या वेळेच्या आधीच आल्या होत्या. करड्या कोटातल्या त्या उंच बाई डॉक्टरांचं बोलणं ऐकत होत्या. थंडी कशी पडली, झडप कशी उघडी राहिली, बिचाऱ्या अर्लीनचा कसा दोष नाही.

"डॉक्टर," रेनिटा धापा टाकत म्हणाली, "एक विचारू?"

"नंतर, बाळ."

"आत्ताच विचारू दे," मिस प्रॅटर म्हणाल्या.

रेनिटाने आईकडे पाहिलं. आईने हनुवटी किंचित खाली केली.

"झडप रात्रभर उघडी होती ना, डॉक्टर?"

"होती."

"शेगडी रात्रभर बंद होती?"

"होती, बाळ."

"मग सकाळी मी आत आले तेव्हा माझा चष्मा का धुरकटला?"

गाडीवरचा माणूस हातातली पेटी तशीच धरून राहिला.

"बाहेरून गार काच गरम, दमट हवेत गेली की धुरकटते," रेनिटा म्हणाली. "आत्ता मिस्टर रूफसच्या स्वयंपाकघरात तस्संच झालं. दहिवर पडलेल्या रात्री झडप उघडी राहिली असती, तर आत बाहेरच्याइतकीच थंडी असती. काचेला काही झालं नसतं. म्हणजे आम्ही यायच्या थोडंच आधी कोणीतरी ती उघडली. तेव्हा आई माझ्याबरोबर घरी होती, किल्ली तिच्या कमरेला होती. दुसरी किल्ली तुमच्याकडे असते."

"लहान मूल आहे," डॉक्टर मिस प्रॅटरना म्हणाले. "तिची आई आहे ना, म्हणून."

"आणखी एक," रेनिटा म्हणाली. हे बोलणं तिला सर्वांत जड जात होतं. "शनिवारच्या वर्गात तुम्हीच आम्हाला शिकवलंत. रताळ्याला थंडी बाधली तर ते त्या दिवशी दिसत नाही. आठवडे जावे लागतात. तोवर खोली उबदार करायची आणि थांबायचं. फेकायची घाई करायची नाही, असं तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं. मग आज तुम्हाला सकाळीच कसं कळलं की सगळा माल गेला?"

तिने खिशातून राख लागलेला अर्धा तुकडा काढला आणि मिस प्रॅटरच्या हातावर ठेवला. "हे त्यातलंच. थंडीने असं होत नाही. हे कोणी कापून बघू नये म्हणून पुरायचं होतं."

मिस प्रॅटरनी तुकडा उजेडात धरला आणि ठिपके निरखले. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "लायनेल?"

डॉक्टरांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. एका रिकाम्या पेटीवर ते बसले.

"तीन वर्षं एकही डाग नव्हता," ते मिस प्रॅटरना म्हणाले. "खोटं काही लिहिलं नव्हतं मी. रविवारी रूफसने दाखवलं, मग मी आमची कापून पाहिली. वरच्या पेटीत निघाले, खालच्या पेटीत निघाले. इव्हॉन, मोठ्या विद्यापीठाचा वाण फसला तर म्हणतात, वाण फसला. आमचा फसला तर म्हणतात, यांना दिलंच कशाला. थंडीने गेला म्हटलं असतं, तर निदान पुन्हा पैसे मागता आले असते."

"आणि अर्लीन?"

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली आणि अर्लीनकडे न बघता पुढे केली. तिने ती घेतली.

"फसलेला वाण मी वॉशिंग्टनला दाखवू शकले असते," मिस प्रॅटर म्हणाल्या. "का फसला ते शोधायला पैसे मागू शकले असते. पुरलेल्याचं मी काय करू? आज जे पाहिलं ते मला लिहावं लागेल, लायनेल. सगळं. पुढे ते काय ठरवतील, मला सांगता येत नाही." मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. "यातली सगळीच डागाळली आहेत का?"

"सगळी नाही कापली मी," डॉक्टर म्हणाले. "धीर झाला नाही."

वारा सुटला होता. चुन्याची पांढरी भुकटी खड्ड्याच्या काठावरून उडत होती. प्रत्येक जण दुसरा कोणी काही करेल म्हणून वाट पाहत होता.

रेनिटा खोलीत गेली. फळीवर वेल छाटायच्या सुऱ्या असत, त्यातल्या दोन घेऊन ती परत आली. गाडीवरचं पहिलं रताळं उचलून तिने शेपटीकडची चकती कापली. काळे ठिपके. ते तिने डावीकडे ठेवलं. दुसरं कापलं. तेही डावीकडे गेलं. तिसरं तिने कापलं, चष्मा पुसला, पुन्हा नीट पाहिलं आणि उजवीकडे ठेवलं.

मग दुसरी सुरी तिने पात्याकडून धरली आणि मूठ डॉक्टर हॅस्किन्सपुढे केली.