गोणपाटाची ओल

“चुन्याला घाई चालत नाही. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्याला गोडं पाणी पाजायचं. एक पाळी चुकली की तडा गेलाच म्हणून समज.”

वडिलांचं हे सांगणं धाकटीने त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. वहिनींनी तिच्यापुढे चहा सरकवला.

निनावी पत्रं, चोऱ्या, हरवलेली माणसं यांचा छडा लावणं हा वहिनींचा व्यवसाय. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे. सोबतीला सख्खा दीर, निवृत्त कारकून, हातात टिपणवही. लोक दारात येऊन “वहिनी आहेत का?” एवढंच विचारतात, हे भाऊजींना बारा वर्षं सलत होतं.

“नीट पहिल्यापासून सांग,” भाऊजी म्हणाले.

धाकटी गवंड्याची मुलगी आणि स्वतःही गवंडी; थोरल्या भावाच्या पाठची, म्हणून गावात तिला धाकटीच म्हणत. बंदरावरचं जुनं जकातघर ही संरक्षित इमारत, तिथे सिमेंटला सक्त बंदी. सोमवारी तिने कमानीचा चुन्याचा गिलावा पुरा केला आणि वर ओलं गोणपाट बांधलं. शुक्रवारी सकाळी वारसा खात्याकडे निनावी पत्र आलं: कमानीच्या डाव्या पायथ्याशी सिमेंट आहे. अधिकाऱ्याने खरवडलं, तर तळहाताएवढं सिमेंट निघालं. लगेच सील.

“परवा सोमवारी सुनावणी आहे. परवाना गेला तर पुन्हा जुन्या भिंतीला हात लावता येणार नाही. बाबांनी शिकवलेलं दुसरं काही मला येत नाही हो.”

“या आठवड्यात कमानीपासून कधी लांब होतीस?”

“बुधवारी दुपारी सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. गुरुवारी दुपारी परतले. पहारेकऱ्याकडे गोड्या पाण्याचे दोन डबे ठेवून गेले होते. गोणपाट ओलंच होतं.”

अधिकाऱ्याने सील बाजूला करून त्यांना आत घेतलं. वहिनींनी कमानीच्या गिलाव्यावर नख टेकवलं. नख रुतलं. पायथ्याच्या करड्या तुकड्यावर टेकवलं, तर घसरलं. तुकड्याची कडा त्यांनी बोटाने चाचपली. चुना तिथे सुरीने कापल्यासारखा सरळ तुटला होता.

कालपासून पाणी नसल्यामुळे गोणपाट कडक वाळलं होतं. वहिनींनी त्याचा कोपरा उलटसुलट पाहिला, बोट फिरवून जिभेला लावलं.

“वहिनी, पोतं कसलं चाखता?” भाऊजी कुजबुजले.

“खारट नाही. लिहून ठेवा.”

पहारेकऱ्याच्या खोलीत दोन्ही डबे काठोकाठ भरलेले होते.

“बुधवारी संध्याकाळी पाणी घातलंस?” वहिनींनी विचारलं.

“घातलं की. डबे कोण उचलणार, कंबर धरते. अंगणातल्या विहिरीचं ओतलं.”

“ती विहीर गोडी आहे?”

“समुद्र दहा पावलांवर, बाई. गोडी कुठली असायला? मिठागर आहे मिठागर.”

“जेवायला घरी जातोस?”

“दिवेलागणीला. तासाभरासाठी.”

कंत्राटदार समोरच्याच दुकानात भेटला. हे काम त्यालाच हवं होतं, आणि तो ते लपवत नव्हता.

“कमानीवर पाटी लागणार म्हणे. तिच्या बापाचं नाव, खाली तिचं. वीस वर्षं या गावात घरं बांधतोय, माझ्या नावाचा दगडसुद्धा नाही कुठे. आणि बाईंचा थाट बघा, अंगणात विहीर असताना घरून पाणी वाहते. भिंतीला काय चव कळते?”

“हाच,” बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले. “जळून कोळसा झालाय.”

“जळतोय खरा,” वहिनी म्हणाल्या.

धाकटीचा थोरला भाऊ नव्या इमारतीच्या स्लॅबखाली उभा होता. वहिनींनी अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच त्याने विचारलं, “सील लागलंय ना? मग आज तिकडे पाणी कोण घालतंय?”

“कोणीच नाही.”

त्याने थापी बादलीत टाकली. “बाबांनी मला विटा रचायला शिकवलं. चुन्याचा शेवटचा हात मात्र तिला. मी विचारलं तर म्हणाले, तू काम कधी संपतं ते बघतोस, ती चुन्यासाठी थांबते. जाऊ दे. मला काय करायचंय.”

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना कमानीखाली बोलावलं.

“आधी सिमेंट,” त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. “मुळात असतं तर चुना त्याच्यावर चढून आला असता. इथे कडा कापलेली आहे. गिलावा पुरा झाल्यावर कोणीतरी खळगा करून हा तुकडा बसवला. धाकटी नव्हती ती वेळ एकच, बुधवारची दिवेलागण. पहारेकरी तेव्हा घरी जेवत होता.”

“पण पाणी मी…” पहारेकरी म्हणाला.

“तू विसरलास. डबे भरलेले आहेत. विहिरीचं पाणी घातलं असतंस तर वाळलेल्या गोणपाटावर मीठ फुललं असतं.”

पहारेकऱ्याने मान खाली घातली. “विसरलो. सकाळी गोणपाट ठिबकत होतं. वाटलं, सुटलो.”

“म्हणजे दुसरंच कोणी बाहेरून गोडं पाणी घेऊन आलं. भल्या मनाने आलं असतं तर सांगितलं असतं. लपवलं, कारण त्याच फेरीत सिमेंटही बसवलं होतं.”

भाऊजींनी कंत्राटदाराकडे बोट केलं.

“यांना भिंतीची चव ठाऊक नाही, यांनी विहिरीचंच ओतलं असतं,” वहिनी म्हणाल्या. “आणि यांना भिंत बिघडवायची असती तर हातही लावायला नको होता. कोरडी राहिली असती की आपोआप तडकली असती. जो आला त्याला धाकटीचं नाव पाडायचं होतं, कमान नव्हे. गोणपाट उचललं, ते वाळत आलेलं दिसलं, आणि त्याच्याने तसं टाकून जाववलं नाही. अशी सवय एकाच घरात लागते. आज दुपारीही त्याने बहिणीचं विचारलं नाही, पाण्याचं विचारलं.”

कोणी थोरल्याकडे पाहिलं नाही. तोच बोलला.

“पाटीवर दोनच नावं होती. पत्र मीच टाकलं. बाबांनी जाताना माझा हात धरून शब्द घेतला होता, तिची भिंत कोरडी पडू देऊ नकोस. सिमेंट बसवतानासुद्धा तेच कानात होतं.”

“हे सगळं लिहून द्याल?” अधिकाऱ्याने विचारलं.

“देतो.”

भाऊजींनी वहीतलं कोरं पान फाडलं आणि, कोणी न सांगता, स्वतःचं पेनही दिलं. थोरल्याने उभ्याउभ्याच लिहून सही केली. अधिकाऱ्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि धाकटीला म्हणाला, “सोमवारी तुमचा परवाना राहील. पाणी आजपासूनच घाला.”

धाकटीला दवाखान्यात पोचायचं होतं. सासूबाईंच्या जेवणाची वेळ झाली होती. खोलीतून भरलेले दोन्ही डबे तिने आणले, गोणपाटावर हळूहळू रिकामे केले. अर्धी कमान भिजली. रिकामे डबे तिने उंबऱ्यावर ठेवले, कड्या भावाच्या बाजूला वळवून, आणि ती निघून गेली.

थोरला थोडा वेळ ओली अर्धी आणि कोरडी अर्धी बघत राहिला. मग त्याने डबे उचलले, अंगणातल्या विहिरीला वळसा घातला आणि चढावरच्या आपल्या घराकडे चालू लागला.