रोखीचं गिऱ्हाईक

हप्त्यांचा फॉर्म त्याने सवयीने पुढे सरकवला. तिने तो एका बोटाने परत ढकलला. तेव्हा कुठे त्याने मान वर करून पाहिलं… आणि पुढचं पाठ केलेलं वाक्य विसरला.

तो शिलाई मशीनच्या दुकानातला विक्रेता. ती घरोघरी जाऊन कपडे शिवणारी. वडिलांनी हप्त्यांवर घेतलेलं कपाट कंपनीची माणसं उचलून घेऊन गेली, तेव्हा जिन्यात सगळे शेजारी उभे होते. त्यानंतर तिच्या घरात उधारीवर चमचासुद्धा आला नव्हता. चार वर्षं पोटाला चिमटा काढून ती मशीन घ्यायला आली होती — सगळे पैसे एकदम देऊन. पण रोखीच्या विक्रीवर मॅनेजरसाहेबांची सही लागे. साहेब फक्त इंग्रजी बोलत, आणि भल्याभल्यांना गोडीगुलाबीने हप्त्यांवर आणत.

“मग मला तेवढं इंग्रजी शिकवा,” ती म्हणाली.

त्या काळी दुकानं दुपारी तासभर बंद असत. पंधरा दिवस त्या तासात, लाकडी खोक्यांवर बसून, शिकवणी चालली. आउटराइट. पेमेंट इन फुल. नो इन्स्टॉलमेंट्स, थँक यू. तो साहेब व्हायचा, भुवया उडवून सोप्या हप्त्यांची लालूच दाखवायचा, आणि ती हसून हसून शब्द विसरायची.

“साहेब तुमच्यासारखे असते, तर मी केव्हाच हप्त्यांच्या फॉर्मवर सही केली असती,” एकदा ती बोलून गेली — आणि मग दोघंही बराच वेळ समोरच्या बॉबिनकडे बघत राहिली.

शेवटी तो दिवस आला. साहेबांनी बारा हप्ते सुचवले, वर फुकट झाकण देऊ केलं. तिने न अडखळता तीन वाक्यं म्हटली. साहेबांनी मुकाट्याने सही केली.

बाहेर तो मशीन बांधत होता. अगदी सावकाश.

“तोंड का उतरलंय? हप्त्यांचं कमिशन बुडालं म्हणून?”

“ते पहिल्याच दिवशी सोडलं मी.” त्याने सुतळी उगाच उलगडली. “हप्त्याचं गिऱ्हाईक दर महिन्याला येतं. रोखीचं… एकदाच.”

“हे माहीत असून शिकवलंत?”

“तुमच्या दारातून कुणी मशीन उचलून नेऊ नये, म्हणून.”

मग तिने सुतळी त्याच्या हातातून घेतली.

“रविवारी घरी या. आईला भेटा.”

“कशासाठी आलो म्हणून सांगू?”

“मागणी घालायला,” गाठ आवळत, वर न बघता ती म्हणाली. “का तेही आता मीच शिकवायचं?”