दुसऱ्या खांबावरचा दिवा

विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही.

पोलिसांनी ठेवला नाही. चर्चच्या पाद्रीबाबांनी नुसता माझा हात थोपटला. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलंय, माझ्या खिडकीच्या अगदी समोर. आणि अजून रोज घडतंय.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. अ‍ॅकरशॉ गावातली आमची बंद गल्ली, हॉलिन्स क्लोज. त्याच पहाटे, हिवाळ्याआधी दरवर्षी करतात तशी, सगळ्या देशाची घड्याळं एक तास मागे गेली होती.

आधी नेव्हिलबद्दल सांगते. हा माझा धाकटा भाऊ. त्याला रस्त्यावरच्या दिव्यांचं वेड. हसू नका, असे वेडे आमच्याकडे पुष्कळ आहेत. सुट्टीच्या दिवशी गाड्या काढतात आणि विजोड दिवे शोधत हिंडतात. म्हणजे खांब जुना, जाडजूड सिमेंटचा आणि त्यावर पालिकेने ठोकलेला नवा चपटा पांढरा दिवा. नाहीतर उलट. मग ते फोटो एकमेकांना पाठवून पोट धरून हसतात.

नेव्हिलने तर असली एक जोडी स्वतःच्या अंगणातच उभी केली.

खांब समुद्रकिनाऱ्यावरच्या फिरायच्या रस्त्यावरचा. हिरवा, नक्षीदार, लोखंडी. आणि वर दिवा शेजारच्या थॉर्नबेक गावातल्या विदनेल लेनवरचा, पालिकेने काढून टाकलेला जुना सोडियमचा. लांबट, खोक्यासारखा.

"काय रे हे ध्यान?" मी म्हटलं. "एकाचं धड, दुसऱ्याचं मुंडकं!"

"तुला यातलं काही कळत नाही, ताई."

"कळायचंय काय? डोळे आहेत मला."

"राहू द्या हो ताई," त्याची बायको ब्रॉनवेन म्हणाली. "अंगणातच आहे ना? मला वाटलं होतं बेडरूममध्ये लावतोय."

दिवा अंधार पडू लागला की आपोआप लागायचा. आधी गुलाबी, मग तांबडा, मग हळूहळू नारिंगी. माझी भाची टॅम्सिन, वय वर्षं आठ, तो तांबडा रंग बघायला टाळ्या पिटत उभी राहायची.

ब्रॉनवेनने तिला तेच सांगितलं, जे आमच्याकडे प्रत्येक आई सांगते. मलाही माझ्या आईने सांगितलं होतं.

"दिवा लागला की घरी यायचं. मी हाका मारत बसणार नाही."

पोरं ते पाळतात. आई-बापाचं ऐकणार नाहीत, पण दिव्याचं ऐकतात.

पहिल्या आठवड्यातच मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला होते. बाहेर दिवा गुलाबी झाला.

गेटची कडी वाजली...

मागचं दार. बूट काढल्याचा आवाज. धडधडत जिना.

"हात धू गं आधी!" ब्रॉनवेन ओरडली.

वर नळ सुरू झाला.

आणि पुढच्या दारातून टॅम्सिन आत आली. गाल लाल, हातात खडू. "आत्या, आज बीन्स आहेत का?"

आम्ही तिघांनी वर बघितलं.

वरचा नळ वाहतच होता...

नेव्हिल वर जाऊन आला. "पाइपात हवा धरली असेल," म्हणाला. पण मागच्या दाराशी पायपुसणं ओलं होतं. त्यावर हिरवट चिखल होता, ओढ्याच्या काठी असतो तसा. आमच्या गल्लीत ओढा नाही. डांबर आहे.

त्यानंतर हे अधूनमधून व्हायला लागलं. आधी घाबरलो, मग सवय झाली. ब्रॉनवेन तर थट्टा करायची, "आला बरं का आपला पाहुणा." माणसाला कशाचीही सवय होते, हेच मला आता भयंकर वाटतं.

मग तो रविवार आला.

घड्याळं मागे गेल्यामुळे अंधार लवकर पडला. ब्रॉनवेनचा स्वयंपाक अर्धाच झाला होता. टॅम्सिन समोर फुटपाथवर खडूने ठिकरीचे चौकोन आखत होती. मी तिला माझ्या खिडकीतून पाहिलं, हातही हलवला. मग चहा ठेवायला आत वळले.

दिवा लागला.

ब्रॉनवेनने गेटची कडी ऐकली. बूट ऐकले. जिना ऐकला.

"आलीस का?"

"हो..."

ती शपथेवर सांगते, वरून 'हो' आलं. नळही सुरू झाला. ती निर्धास्तपणे बटाटे कुस्करत राहिली. ताटं वाढली. हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी चिडून वर गेली.

टॉवेल ओला होता. नळ वाहत होता.

वर कुणीच नव्हतं.

ती बाहेर धावली तेव्हा रस्ता नारिंगी झाला होता. फुटपाथवर ठिकरीचे चौकोन होते, शेवटचा अर्धाच काढलेला. भिंतीवर टॅम्सिनचं स्वेटर होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानाचे शब्बीरभाई तेवढ्यात शटर ओढत होते. ते म्हणाले, "दिवा लागला तशी उठली ना ती. 'आले, आले' म्हणत पळाली. पण तुमच्या घराकडे नाही. थॉर्नबेकच्या रस्त्याने. मला वाटलं, तिकडून आईच बोलावतेय."

पोलीस आले. कुत्री आली. कालव्यात पाणबुडे उतरले. सगळी गल्ली हातात टॉर्च घेऊन माळरान तुडवत होती. काही नाही. बुटाचा ठसासुद्धा नाही.

आणि रोज संध्याकाळी, दिवा लागला की, गेटची कडी... बूट... जिना... नळ.

ब्रॉनवेन प्रत्येक वेळी धावत वर जायची. प्रत्येक वेळी.

एका संध्याकाळी नेव्हिल पायपुसण्यावरचा चिखल बोटाने चोळत बसला होता. एकदम म्हणाला, "ताई, विदनेल लेनला ओढा आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच गाडी काढली, नेव्हिल शेजारी.

विदनेल लेन म्हणजे ओढ्याकाठची अरुंद वाट आणि शेवटी एकच घर. घरासमोर सिमेंटचा जुना, जाड खांब. त्यावर नवा, चपटा, इवलासा दिवा. आमच्या अंगणातल्या विजोडाचा हा उरलेला अर्धा भाग होता. मला हसू आलं नाही.

दारात एक म्हातारी उभी होती. मिसेस गारसाइड.

"लाईटवाले ना तुम्ही?" तिने चढ्या आवाजात विचारलं. "किती वेळा फोन करायचा? माझा जुना दिवा परत लावा."

नेव्हिल वरच्या दिव्याकडेच बघत होता. मीच विचारलं, "का हो, आजी? नवा चांगला नाही?"

"नवा घाला चुलीत! माझा केनेथ तांबड्या उजेडात यायचा." तिचा आवाज एकदम खाली आला. "ओढ्यावर खेळायला गेला होता. मीच सांगितलं होतं, दिवा लागला की ये. आणि नेमका त्या दिवशी दिवा बिघडला. लागलाच नाही, बाई. पोरगं वाट बघत राहिलं असेल. पुढे दिवा दुरुस्त झाला, तेव्हापासून रोज येत होता. दिसायचा नाही. पण यायचा. हात धुवायचा."

"आणि आता?" नेव्हिलने विचारलं.

"आता तो येत नाही. कुणाची तरी पोरगी येते."

नेव्हिलने खांबाला धरलं.

"गुणी आहे," म्हातारी म्हणाली. "गुणगुणत असते काहीतरी."

तेवढ्यात पांढरा दिवा लागला. गुलाबी नाही, तांबडा नाही. एकदम पांढराफटक.

वाटेवर कुणी नव्हतं...

पण पावलं आली. आमच्या दोघांच्या मधून गेली. मला खडूचा वास आला. घरात नळ सुरू झाला आणि त्या पाण्याच्या आवाजात कुणीतरी गुणगुणत होतं. टॅम्सिन दात घासतानाही तेच गुणगुणायची.

"टॅम्सिन!" नेव्हिल ओरडत आत धावला. "टॅमी, बाबा आलाय गं!"

गुणगुणणं थांबलं. नळ बंद झाला.

आत ओला टॉवेल होता, बाकी काही नाही.

तुम्ही म्हणाल, दिवा परत जागच्या जागी लावायचा. आम्हाला सुचलं नसेल का? पालिका म्हणाली, जुने दिवे पुन्हा बसवत नाहीत. मग आपणच चोरून लावू म्हणून नेव्हिलने अंगणातला दिवा उतरवला. त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी आलं नाही. नेव्हिलने मिसेस गारसाइडला सगळं सांगून आमचा नंबर दिला होता; थोड्या वेळाने तिचा फोन आला. "तुमची पोरगी आज आली नाही हो. काय केलंत तुम्ही?"

ब्रॉनवेनने नेव्हिलची कॉलर धरली. "आत्ताच्या आत्ता लाव तो परत! ऐकतोयस? आत्ता!"

अंधारात चाचपडत त्याने तो परत लावला. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे पावलं आली. त्यानंतर त्या दिव्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

आता असं चालतं. रोज अंधार पडायच्या आधी नेव्हिल थॉर्नबेकला जातो आणि म्हातारीच्या स्वयंपाकघरात बसतो. हाक मारत नाही, मारली की ती थांबते. नुसता ऐकतो. इकडे ब्रॉनवेन कोरडा टॉवेल ठेवते आणि केनेथसाठी ताट वाढते. "त्याचीही आई कुणीतरी आहे ना," म्हणते. "ती माझ्या पोरीचं बघते, मी तिच्या पोराचं बघते."

मी समोरून बघते. दुसरं काही करता येत नाही.

काल मात्र नेव्हिल परत आला तो थेट माझ्या दारात. उभ्याउभ्याच रडायला लागला.

विदनेल लेनच्या खांबाला चीर गेली आहे. पालिकेची माणसं येऊन त्यावर लाल फुली मारून गेली. सोमवारी खांब कापणार. एकाच घरासाठी नवा लावायचा विचार नाही म्हणाले. नेव्हिल त्यांच्या पाया पडला. त्यांना वाटलं, दिव्यांचं वेड असलेला कुणीतरी आहे.

सोमवारी तिथे अंधार पडेल आणि काहीच लागणार नाही. माझी टॅम्सिन कुठेतरी दिव्याची वाट बघत उभी राहील. आईने सांगितलंय, दिवा लागला की यायचं. ती ऐकणारी पोर आहे.

आत्ता समोर दिवा गुलाबी झालाय. गेटची कडी वाजली...

ब्रॉनवेन ताट वाढतेय. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.