पुरचुंडीतला चुरा

"चिमटे, हातातलं काम टाक आणि ये. माझ्या घरात खून पडलेत. आणि खुनी म्हणून माझंच नाव घेतायत."

एवढं बोलून आत्यानं फोन ठेवला.

चिमटी आगीच्या विम्याची तपासनीस होती. जळालेल्या गोदामात राख चिवडत बसायची आणि आग लागली की लावली, ते सांगायची. नाव ठेवलं होतं आत्यानंच. आत्यानं आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती. एवढीशी भाची तिच्या टेबलावरची चिमटी हातातून सोडत नसे, म्हणून ती चिमटी.

आत्यानं दार उघडलं, तेव्हा तिची एक बाही कोपरापर्यंत ओली होती. खिडकीपाशी घड्याळांच्या टेबलाशेजारी काचेची मोठी टाकी होती. टेबलावर एका वाटीत मेलेल्या कोळंब्या ठेवल्या होत्या. चिमटीनं भिंग उचललं. एकजात सगळ्या जुन्या कवचातून अर्ध्याच बाहेर आल्या होत्या.

"कात टाकताना गेल्या," आत्या म्हणाली. "नवं कवच धरायला अंगात चुना लागतो. तो नसला की अडकतात."

"आणि गोगलगायी?"

"बघ ना तूच."

काचेला चिकटलेल्या गोगलगायींच्या शंखांची टोकं झिजून पांढरीफटक पडली होती. काहींना खळगे पडले होते. मधूनच चमकणारे चिमुकले मासे मात्र मजेत होते.

"विष असतं तर मासेही आडवे झाले असते," चिमटी म्हणाली. "आता सांग, तुझं नाव कोण घेतंय?"

"माझा कुलदीपक. म्हणे, आई कॅल्शियम द्यायला विसरते, उद्या गॅस बंद करायला विसरेल. दुपारी डॉक्टर येणार आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायला. नसलं तर वृद्धाश्रमात सोय बघून ठेवलीय त्यानं."

"आत्या, विसरलीस का गं?"

"नाही."

"नक्की?"

"परत विचारलंस तर दार तिकडे आहे."

चिमटीनं परत विचारलं नाही. "चुना कसा देतेस, ते दाखव."

आत्यानं टाकीत हात घालून कापडाची एक पुरचुंडी वर काढली. "अंड्याची टरफलं. उकळायची, वाळवायची, कुटायची, शिवून पाण्यात सोडायची. हळूहळू विरघळतात. पुरचुंडी रिकामी लागली की नवी करते."

"ही कधीची?"

"बरेच दिवस झाले. रोज चाचपते, पण भरलेलीच लागते. मग कशाला बदलू?"

चिमटीनं पुरचुंडी हातात घेतली. खरंच गच्च भरलेली होती. ती टेबलावर ठेवून चिमटी उठून स्वयंपाकघरात गेली. नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार साचले होते. किटलीच्या तळाला तर खरवडून निघणार नाही असा थर होता. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा एक कॅन होता, अर्धा भरलेला.

"हे काय?"

"टाकीचं पाणी. इथल्या नळाला धार बारीक, म्हणून मी खालून बादली आणायचे. जिन्यावर माझा पाय घसरल्यापासून पोरगा मला बादली उचलू देत नाही. दर रविवारी येतो, कॅन आणतो, थोडं जुनं पाणी काढून नवं घालतो. तेवढी माया आहे अजून."

तेवढ्यात बेल वाजली. आतेभाऊ आणि वहिनी आले होते. त्याच्या हातात आईच्या औषधांची पिशवी होती. वहिनीनं आत येताच नाकाला पदर लावला.

"अजून ठेवलंय का ते डबकं? मी तर म्हणते, फेकून द्या एकदाचं."

"तुम्ही हात लावता का कधी टाकीला?" चिमटीनं विचारलं.

"मी? शिसारी येते मला. गोगलगाय दिसली तरी मला जेवण जात नाही. यांचं बॅटऱ्यांचं दुकान, शर्टांना ॲसिडची भोकं, ती रफू करण्यातच माझा जन्म चाललाय. त्यात हे आणखी कशाला?"

आतेभाऊ हसला. "हिचं मनावर घेऊ नकोस. आईचा जीव आहे त्या टाकीत, म्हणून मी करतो."

"पाणी कुठून भरतोस?"

"खालच्या नळावरून. इथलंच पाणी. फक्त जिना माझ्या वाट्याला."

"पुरचुंडीला हात लावतोस?"

"छे. ते खातं आईचं. तिथंच तर घोळ झाला." त्यानं आवाज खाली आणला. "चिमटे, तिला वाईट वाटेल, पण खरं बोलायला हवं. तिला आता आठवत नाही गं."

"मी इथंच आहे," आत्या म्हणाली. "बहिरीही नाही."

डॉक्टर आले. सौम्य बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद काढले.

"डॉक्टर, तुमच्याआधी मला थोडा वेळ द्या," चिमटी म्हणाली. "आत्या, एक कात्री, एक लिंबू, एक अंडं आणि दोन लखलखीत पातेल्या."

"स्वयंपाक करणार आहेस?" आतेभावानं विचारलं.

"हो. आणि वाढणार तुलाच आहे."

तिनं एका पातेलीत घोटभर नळाचं पाणी घेतलं, दुसरीत तेवढंच कॅनमधलं. दोन्ही गॅसवर ठेवल्या. मग अंडं फोडलं, टरफल कुटलं, त्यावर लिंबू पिळलं. फेस आला. बारीक बुडबुडे सरसरत वर आले.

मग तिनं पुरचुंडीची शिवण उसवली, आतला पांढरा चुरा बशीत ओतला आणि त्यावर लिंबू पिळलं.

काही झालं नाही. एक बुडबुडाही आला नाही.

आत्या भिंग घेऊन वाकली. चुऱ्यातून तिनं एक तुकडा बोटांवर घेतला. त्याच्या कडेला निळी बारीक रेघ होती. "हे टरफल नाही. ही चिनी माती आहे. कुणीतरी फुटकी बशी कुटून भरलीय."

"म्हणूनच ती रिकामी होत नव्हती," चिमटी म्हणाली. "चिनी माती पाण्यात विरघळत नाही. तू चाचपत राहिलीस, ती भरलेली लागत राहिली. डॉक्टर, विसरणारं माणूस वस्तू ठेवायला विसरतं. तिच्या जागी खोटी वस्तू शिवून ठेवत नाही. हे विस्मरण नाही, ही कारागिरी आहे."

आतेभाऊ बायकोकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघताय?" वहिनी कडाडली.

"त्यांच्यावर माझाही संशय होता," चिमटी म्हणाली. "पण पुरचुंडी गेली तरी गोगलगायींचे शंख टिकले असते. या घराच्या नळाला इतका चुना आहे की किटली पांढरी होते. शंख झिजले, म्हणजे टाकीत हे पाणी जातच नव्हतं. चल, बघू."

पातेल्या कोरड्या पडल्या होत्या. नळाच्या पाण्याच्या पातेलीत पांढरी खरखरीत साय धरली होती. कॅनच्या पाण्याची पातेली आरशासारखी स्वच्छ होती.

"हे खालच्या नळाचं पाणी नव्हे. हे बॅटरीत घालायचं पाणी आहे. त्यात चुन्याचा अंशही नसतो. दर रविवारी थोडं थोडं घातलं की टाकीतला सगळा चुना निघून जातो. माशांना कवच नसतं, ते तगतात. ज्यांना कवच असतं, ते मरतात. आणि दोष जातो पुरचुंडी सांभाळणाऱ्या बाईकडे."

"मला वाटलं, शुद्ध पाणी चांगलं..." आतेभाऊ पुटपुटला.

"मघाशी खालचा नळ म्हणालास."

वहिनीनं पुढं होऊन तो निळ्या रेघेचा तुकडा उचलला. तिचा चेहरा उतरला, मग तापला.

"ही माझ्या सेटमधली बशी आहे. कामवालीनं फोडली म्हणालात. मी त्या बिचारीला नाही नाही ते बोलले." ती नवऱ्यापासून दूर सरकली. "मला ही टाकी आवडत नाही. मी तोंडावर सांगते. पण असं? स्वतःच्या आईला?"

"दुकानाला जागा पुरत नाही," तो शेवटी म्हणाला. "हे घर दुकानाला लागून. आणि ही एकटी, जिन्यावर पडलेली... किती वेळा सांगितलं, तिकडे चल म्हणून. ऐकतच नाही! आई, तुझ्या भल्यासाठीच..."

"थांब." आत्याचा आवाज चढला नव्हता. "मी नाही म्हणाले होते. नाही या शब्दाचा अर्थ तुला कळला नाही, म्हणून तू मला वेडी ठरवायला निघालास. माझं भलं काय, ते मला विचारून ठरव. आणि मी सांगते ते ऐक. हे घर मी सोडणार नाही. जिन्याला कठडा बसवीन, काठी घेईन, बसून बसून उतरीन. पण उतरीन ती माझ्या पायांनी."

डॉक्टरांनी कागद गोळा केले. "बाई, मला वाटतं माझं काम नाही उरलं इथं."

"का नाही? बसा." आत्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ताठ बसली. "एकही प्रश्न सोडू नका."

आतेभाऊ दाराकडे वळला.

"तू कुठं निघालास?" त्याच्याकडे न बघता आत्या म्हणाली. "उभा राहा इथं. तुझ्या आईला काय काय आठवतं, ते सगळं ऐकूनच जा. हं, डॉक्टर, विचारा."