तुपाचं वजन

"काय विकायचंय?" मी मान वर न करता विचारलं.

"विकायचं नाय… वजन करायचंय."

"कशाचं?"

"माझं."

तेव्हा कुठं मी मान वर केली. पंचवटीच्या भाजीबाजारात आमच्या गाळ्यापुढं कोबीची पोती मोजायचा मोठा काटा असायचा. त्यावर चक्क एक पैलवान उभा! अंगावर शाल, कानाला लाल माती, आणि डोक्यावर कुरळ्या केसांचं असलं जंगल की मला हसूच आलं. त्र्याऐंशी सालची थंडी. दादा, म्हणजे माझे वडील कोंडाजी, चहाला गेले होते, म्हणून काट्यावर मी.

"कोबीपेक्षा जास्त भरलात," मी दांडी बघून म्हटलं.

"मग भावबी जास्त लागंल," तो म्हणाला. आणि स्वतःच लाजला!

त्याचं नाव गोरक्ष. निफाडकडच्या खेड्यातला, रावजी वस्तादांच्या तालमीत राहणारा. सकाळी मेहनत झाली की वजन करायला यायचा नि जाता जाता दादांची पोती उतरवून द्यायचा. दादांना 'मामा' म्हणायचा. नातं ना गोतं, आणि म्हणे मामा! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दादांना मात्र पोरगा आवडला आणि त्याचा डबा आमच्या घरून जायला लागला, म्हणजे माझ्या हातचा.

अगं बाई, ते खाणं! सकाळी दुधाचा अख्खा तांब्या, भिजवलेले बदाम, अंडी. दुपारी भाकऱ्यांची चळत नि पातेलंभर डाळ. संध्याकाळी परत तेच, वर वस्तादांनी आणलं तर मटण. मी एकदा समोर बसून बघतच राहिले.

"एवढं जातं कुठं हो?"

"मातीत. एका मेहनतीत किलोभर गळतंय. परत नाय भरलं तर अंगातलं जातंय."

"मजा आहे बाई तुमची. भूक लागली की जेवायचं…"

"भूक?" त्यानं हातातला घास खाली ठेवला. "भूक तर दोन भाकरीत भागती. पुढचं समदं मी भ्यानं खातो, फुला."

माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं आणि ते असं! आदल्या वर्षी त्याला कावीळ झाली होती. ऐन निवडीच्या तोंडावर अंग इतकं उतरलं की आखाड्यात उभं राहवेना. मी जन्माची भित्री. त्या दिवसापासून त्याची भीती माझ्याच पोटात येऊन बसली.

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, "वस्ताद केस काप म्हणून ओरडतात ना? मग कापत का नाही?"

"तुमीच म्हणाला हुता… बरे दिसतात."

मी डबा उचलला नि तिथून पळाले. म्हणाले होते खरी! पण ते याच्या कानापर्यंत गेलं कधी?

जानेवारीत जिल्ह्याची निवड होती. त्याचा गट बासष्ट किलोचा. निवडला गेला तर पोलिसात भरती, आणि मग तो दादांशी बोलणार होता. नाही निवडला तर गावी परत… आणि माझ्यासाठी सिन्नरचं स्थळ दादांनी बघून ठेवलेलंच होतं.

निवड जवळ आली तसं त्यानं आमच्या काट्यावर येणं बंद केलं. तालमीची रीतच तशी, शेवटच्या दिवसांत वजन कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. पण डब्यातून भाकऱ्या परत यायला लागल्या. गाल बसले. मला परत ती कावीळ आठवली.

"डोळे दाखवा," मी एकदा दरडावलंच. उजेडात ओढून पिवळेपणा शोधायला लागले.

"काय दिसतंय?" तो हळूच म्हणाला.

डोळ्यांत मीच दिसत होते. "काही नाही," म्हटलं, आणि माझेच कान तापले.

मी बाजारात वाढलेली पोर. बासष्टचा गट म्हणजे बासष्ट भरलंच पाहिजे, एवढंच मला कळत होतं. माल कमी भरला तर भांडण, जास्त भरला तर कोण तक्रार करतं? मग काय, भाकरी दुधात मळली. पापुद्रा सोडवून आत तूप सोडलं. उसळीच्या तळाशी साय दडवली. डबा लख्ख होऊन परत यायला लागला, तेव्हा मला जरा बरी झोप लागली. घरातलं तूप संपतं म्हणून दादा मांजरामागं काठी घेऊन धावत होते.

निवडीला काटा नेहमी आमचाच जायचा. गोदाकाठच्या मैदानात दादा दांडीजवळ, पैलवान लंगोट लावून रांगेत, आणि मी दादांच्या चहाचं निमित्त करून भिंतीपाशी. गोरक्ष काट्यावर चढला. दादांचा चेहरा पडला.

"साडेबासष्ट," दादा म्हणाले. "पोरा, अर्धा किलो वर आहेस."

"बाद!" कुणीतरी ओरडलं. रावजी वस्ताद पंचांच्या पाया पडले, तेव्हा तासाभराची मुदत मिळाली.

वर चालत नाही? म्हणजे तो मुद्दाम वजन उतरवत होता! गोरक्ष घोंगडी पांघरून घाटावर धावत सुटला होता, आणि मी त्याच्यामागं. लोक बघताहेत याचंही भान नव्हतं.

"अहो थांबा… नको, थांबू नका! तूप मी घातलं. भाकरीत. रोज!"

"ठावं हाय," तो धापा टाकत म्हणाला. "वास येतो की तुपाला."

"मग खाल्लंत कशाला?"

"तू भ्यालेली दिसायचीस. डबा रिकामा गेला की हसायचीस." तो पुढं पळाला. मी तिथंच पायरीवर बसून रडले.

घाम पुसून तो परत काट्यावर चढला. दांडी एवढीशीच वर राहिली, बोटाच्या पेराएवढी. वेळ संपत आली होती. गोरक्षनं इकडंतिकडं बघितलं आणि थेट रामकुंडाकडं धाव घेतली. तिथं न्हावी बसतात, घरचं माणूस गेलेल्यांचं डोकं करायला.

"अहो, नको!" मी किंचाळले. "आई-बाप जिते आहेत तुमचे!"

वस्तरा फिरला. ते सगळं जंगल ओल्या दगडावर पडलं. कुणी खरंच गेलंय असं मला वाटलं.

तो तिसऱ्यांदा काट्यावर उभा राहिला. दादांनी दांडीवरचा हात काढला. दांडी हलली, हलली… आणि सरळ झाली.

कुस्ती मी बघितलीच नाही, डोळे मिटून उभी होते. हलगी वाजली आणि लोक त्याचं नाव घेऊन ओरडले, तेव्हा उघडले. तुळतुळीत डोक्यावर गुलाल घेऊन तो दादांपुढं उभा होता.

"पैलवान झालास खरा," दादा म्हणाले, "पण हे डोकं बघून आई हंबरडा फोडेल. काय सांगशील तिला?"

"सांगीन, सून बघितली. तिच्या तुपापायी गेले केस."

दादा माझ्याकडं वळले. आता सिन्नर, आता बोलणी, आता सगळं संपलं, असं वाटून मी चहाची किटली घट्ट धरली.

"फुले," दादा म्हणाले, "म्हणजे मी त्या मांजराला उगाच मारत होतो?"

मी मान डोलावली. दादांनी त्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"केस येऊ देत," शेवटी ते म्हणाले. "टकल्या जावयाला मी हळद लावू द्यायचा नाही."

त्यानंतर तो रोज काट्यावर यायचा नि मी वजन सोडून त्याचं डोकं बघायची. केस लवकर यावेत म्हणून डोक्याला तूप चोळावं का, हे मात्र विचारायची माझी छाती झाली नाही.