चिकटवलेलं झाकण

आधीच सांगते, यातलं काहीही बनवलेलं नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. भुताखेतांना मी कधी भीक घातलेली नाही, आणि हे लिहितानाही भीतीपेक्षा किळसच जास्त येतेय.

वेळ रात्रीची नव्हती. मार्चमधला दुसरा रविवार, दुपारचे पावणेतीन, बाहेर लख्ख ऊन. जागा, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली मागची खोली.

माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचे दात घासायचे आणि घरी आला की प्लास्टिकचे रणगाडे जोडायचे. तळहातावर मावतील एवढेसे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ते मोजावं लागतं बायकोला. घरभर थिनरचा वास. माझी चहाची गाळणी त्याने माती चाळायला पळवली, कारण रणगाड्याचा चिखल खरा दिसायला हवा. एकदा तर कंगव्यातले माझे केस वेचताना सापडला. रणगाड्यावरच्या दोरासाठी हवे होते म्हणे.

शी!

जेवताना बोलणं काय, तर कुणा आजोबांच्या कवळीचा तुकडा श्वासनळीत गेला आणि एक्स-रेमध्ये काहीच सापडेना. "प्लास्टिक ते. एक्स-रेत उमटतच नाही," म्हणत याने पुढचा घास घेतला. माझा घास हातातच राहिला.

पण खोटं कशाला बोलू? शेंगदाण्याएवढ्या सैनिकाला तो डोळे रंगवायचा तेव्हा श्वास रोखून बसायचा. डोळा नीट जमला की असा हसायचा, की मी गाळणीचं भांडण उद्यावर ढकलायचे.

याच्या हौशी मंडळींमध्ये एक म्हातारे होते, चिखलमास्तर. त्यांच्यासारखा चिखल कुणालाच जमायचा नाही. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने, काकूंनी, आम्हाला बोलावून त्यांचा शेवटचा रणगाडा याच्या हातात ठेवला.

वरचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं. आत सगळं रंगवलेलं, अगदी खुर्च्यांच्या शिवणीसुद्धा. जागा पाच, माणसं चार. एक खुर्ची रिकामी.

"झाकण तेवढं चिकटवू नका हं," काकू म्हणाल्या. "हे नेहमी म्हणायचे, आतल्यांना हवा लागते. शेवटी शेवटी यांनीच ते चिकटवलं होतं. हे गेल्यावर मी सुरीने उचकटलं."

"कशाने गेले हो?" मी विचारलं.

"गुदमरून. खिडकी सताड उघडी, आणि मला म्हणत होते, खिडकी उघड."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं लक्ष झाकणाच्या फटीकडे होतं.

रणगाडे जोडणाऱ्यांचा हा एक रोगच असतो. सांधा दिसला की यांना झोप येत नाही. घरी येताच त्याने झाकण चिकटवलं, फटीत पुट्टी भरली, ती वाळल्यावर घासली आणि वर रंग दिला. फट कुठे होती ते मलाही सांगता आलं नसतं.

"बघ, आता सांधा शोधून दाखव!" तो म्हणाला. लेकराचा पहिला नंबर आल्यासारखा खूश होता.

"काकू काय म्हणाल्या होत्या?"

"अगं, प्लास्टिकला कसली हवा?"

चौथ्या दिवशी त्याच्या त्या मागच्या खोलीत वास आला. थिनरचा नव्हे. तुंबलेल्या मोरीचा असतो तसा...

रणगाड्यावरचा मास्तरांचा चिखल ओला झाला होता.

मी बोट लावलं. बुळबुळीत. आणि कोमट. साबणाने तीनदा हात धुतला तरी बोट नाकाजवळ नेववेना.

दुसऱ्या दिवशी चिखल त्या न दिसणाऱ्या सांध्यातून येत होता. आतून बाहेर.

त्याच दुपारी आवाज ऐकला. अगदी बारीक...

खर्र... खर्र...

प्लास्टिकवर नख ओढावं तसा. मी रणगाडा ठेवलेल्या फळीजवळ गेले की थांबायचा. पाठ वळवली की पुन्हा सुरू.

आणि नवऱ्याला खोकला लागला.

आधी कोरडा, मग घशातून काहीतरी खेचून काढावं तसा. बेसिनमध्ये तपकिरी गाळ पडायचा. डॉक्टर म्हणाले, थिनर बंद करा, तोंडाला मास्क लावा. याने दोन्ही केलं. खोकला वाढतच गेला. जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबायला लागला. चाळिशीतला माणूस!

"ते झाकण उघड," मी म्हटलं.

"उघडलं तर सांधा दिसेल."

"तुझा जीव जातोय रे!"

"आयुष्यात एवढं सफाईदार काम माझ्या हातून झालेलं नाही. तू त्याला हात लावायचा नाहीस."

माझं चुकलं ते इथे. मी चिडले, बोलणं सोडलं आणि त्याला त्याच्या खोलीत एकटा सोडला.

त्या रविवारी जेवून तो तिथेच खाटेवर आडवा झाला. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. खर्र... खर्र... इथपर्यंत ऐकू येत होतं. मी मुद्दाम भांडी आपटत होते.

मग ते थांबलं.

खोकलाही थांबला.

नळ बंद केला. पंख्याचा आवाज येत होता. बाकी काहीच नाही...

मी धावले. तो उताणा पडला होता, तोंड उघडं, ओठ निळे. ओठांच्या कडेला चिखल होता. ओला. उशीवरून खालच्या ओठापर्यंत चिखलाचे बारीक ठिपके गेले होते. तिळाएवढे. दोन-दोनच्या जोडीने.

"खिडकी... उघड..."

खिडकी उघडीच होती.

मी त्याची पक्कड उचलली आणि रणगाडा फोडला. आतून चिखल माझ्या हातावर ओघळला. वास असा, की मी तिथेच ओकले. आणि मागे नवऱ्याने श्वास घेतला. एवढा मोठा, घुसमटलेला श्वास मी कधी ऐकला नव्हता.

तो रडत होता. मीही.

मग आम्ही त्या तुकड्यांकडे पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूचा रंग पार खरवडून निघाला होता. बारीक, एकाशेजारी एक पांढऱ्या रेघा.

पाचही खुर्च्या रिकाम्या होत्या.

शोधायला लागलो. एक सैनिक उशीच्या अभ्र्यात सापडला. एक त्याच्या सदऱ्याच्या कॉलरखाली. तिसरा स्वयंपाकघरात, सकाळीच घासून ठेवलेल्या माझ्या गाळणीत. गाळणी मी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली. चौथ्यासाठी गादी उसवली, कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला. नाही मिळाला.

मी काकूंना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "किती सापडले?"

"तीन."

"आमच्याकडेही एक कमी भरला होता," त्या म्हणाल्या. "मुळात पाच होते ना ते."

त्या तिघांना मी एका बरणीत ठेवलंय. टाकायची हिंमत होत नाही. झाकण लावलेलं नाही, नुसतं टेकवलंय.

नवरा आता जिना न थांबता चढतो. खोकलाही जवळपास गेलाय. गेल्या आठवड्यात छातीचा एक्स-रे काढला. "एकदम स्वच्छ," डॉक्टर हसून म्हणाले. आम्ही दोघंही हसलो नाही. घरी येईपर्यंत एकमेकांकडे पाहिलंही नाही. ती कवळीची गोष्ट त्यानेच मला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपला होता. मी हळूच त्याच्या पाठीला कान लावला.

आता मी रोज लावते. तो झोपेत तोंड मिटून घेतो, आणि मी हाताने ते पुन्हा थोडं उघडून ठेवते.