मंगळवारची तपासणी

पूर्णेत रेल्वेरुळांच्या पलीकडं चार-पाच वर्षांत नवी वस्ती उभी राहिली. पत्र्याची घरं, रोजंदारीवरची माणसं, काळ्या मातीचा रस्ता. यंदाच्या उन्हाळ्यापासून तिथल्या समाजमंदिरात दर मंगळवारी संघप्रिया नावाची नर्स येऊ लागली. कस्तुराबाई तिच्याकडून बीपीच्या गोळ्या न्यायच्या.

एका मंगळवारी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता नर्स म्हणाली, "मावशी, पिंकी तुमचीच ना? पत्ता तुमच्याच घरचा सांगितला तिनं. तिला जरा खाऊपिऊ घाला. आठवा महिना चाललाय, पण तीन मंगळवार झाले, वजनाचा काटा हलेना."

पिंकी ही कस्तुराबाईंची लेक. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली. आठव्या महिन्यात अचानक झटके आले, रिक्षा चिखलात रुतली, परभणीला पोचेपर्यंत सगळं संपलं. "आई, आपल्याकडं नर्स कधी येणार गं?" असं ती रोज विचारायची.

"डाव्या कानाची पाळी तुटलेली हाय का तिची?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"हो. लहानपणी डूल अडकला होता म्हणाली."

आपली लेक आता या जगात न्हाई, हे कस्तुराबाईंनी सांगितलंच नाही. सांगितलं, आणि पिंकीचं येणंच थांबलं तर?

पुढच्या मंगळवारी समाजमंदिराचं दार उघडायच्या आधीच त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मांडीवर धपाट्यांचा डबा. बायका आल्या, तपासून गेल्या. प्रत्येक पावलाला त्यांची मान वळायची. दुपार कलली. बाकावर त्या एकट्याच उरल्या.

संघप्रिया दारात आली.

"बाई, माजी पिंकी आज आली न्हाई का?"

नर्स हसली. "काय मावशी, चेष्टा करता? सकाळपासून तुम्हालाच बिलगून बसलीय की."

कस्तुराबाईंनी शेजारी पाहिलं. बाक रिकामा.

त्यांनी हळूच हात पुढं केला. हाताला काहीच लागलं नाही.

"चल गं आत," नर्स बाकाकडं बघत म्हणाली. "मावशी, तुम्ही तरी सांगा तिला. भ्यायलीय."

कस्तुराबाई रिकाम्या बाकाकडं वळल्या.

"जा बाळा. मी हितंच हाय."

खांद्यावरचा पदर थोडा ताणला गेला. मग हळूहळू सैल पडला.

त्यांनी त्याचं टोक हातात घेतलं. मुठीत घट्ट धरल्यासारख्या चुण्या पडल्या होत्या, आणि त्या घामानं ओल्या होत्या.